लोकम करणाऱ्या डॉक्टरलाही रुग्णाचे पुढे काय झाले ते कळू द्या

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवर दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या जिल्ह्याची जाहिरात असते. वैद्यकीय अधिकारी, पद पूर्णतः कंत्राटी, कालावधी अकरा महिने, थेट मुलाखत, मूळ प्रमाणपत्रांसह हजर राहावे. खासगी रुग्णालयांच्या अशा जाहिराती छापून कमी येतात. त्या डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतात आणि त्यांत तारीख, ड्युटीची वेळ, गावाचे नाव आणि बारा तासांचा दर एवढेच लिहिलेले असते. हे सारे वाचून माझ्या हाताखाली शिकून गेलेले तरुण डॉक्टर मला फोन करतात, आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : "मॅडम, कायमची नोकरी धरू, की लोकम (म्हणजे दुसऱ्याच्या जागी ठरावीक मुदतीचे, कराराने काम) करत राहू?" या प्रश्नाचे उत्तर फोनवर पाच मिनिटांत देता येत नाही. शिवाय त्याचा संबंध केवळ डॉक्टरांशी नाही. रात्री दोन वाजता ज्या घरातले माणूस कॅज्युअल्टीत, म्हणजे आपत्कालीन विभागात, आणले जाते, त्या घराशीही तो आहे. म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे.

आधी माझ्याविषयी सांगते. आपत्कालीन वैद्यकशास्त्र हा माझा विषय. पुण्यातील एका मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात मी आठ वर्षे पूर्णवेळ नोकरी केली आणि गेली सहा वर्षे सातारा, सांगली व सोलापूर या जिल्ह्यांतील वेगवेगळ्या रुग्णालयांत कराराने ड्युट्या करते. कुठे एखाद्या डॉक्टरच्या रजेच्या जागी पंधरा दिवस, कुठे नवा विभाग उभा राहीपर्यंत चार महिने, कुठे महिन्याच्या ठरलेल्या सहा रात्री, असे या कामाचे स्वरूप असते. हा मार्ग मी विचार करून निवडला आणि तो सोडण्याचा माझा आजही विचार नाही. तरीही मला विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांना मी "आत्ता नको" असेच सांगते. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात वाटतील, पण माझ्या अनुभवात दोन्ही खऱ्या आहेत.

आपत्कालीन वैद्यकशास्त्राला भारतात स्वतंत्र पदव्युत्तर विषय म्हणून मान्यता मिळाली ती 2009 मध्ये. त्याआधी कॅज्युअल्टी म्हणजे नुकताच एमबीबीएस झालेला सीएमओ, म्हणजे तिथला ड्युटीवरचा वैद्यकीय अधिकारी, आणि त्याने बोलावले की वरून खाली येणारे निरनिराळ्या विभागांचे डॉक्टर, अशी रीत होती. आमची शाखा वयाने लहान आहे आणि तिची घडणही वेगळी आहे. सर्जनच्या किंवा स्त्रीरोगतज्ज्ञाच्या नावाने रुग्ण येतो, वर्षानुवर्षे त्याच्याकडेच येत राहतो, त्यामुळे त्यांना एका गावात मूळ धरावे लागते. आमची पाटी नसते आणि ओपीडीही नसते. जो दारातून आत येईल त्याचा श्वास, रक्तदाब, शुद्ध सांभाळायची, निदानाची दिशा ठरवायची आणि त्याला योग्य हातांत सोपवायचे. पाळी संपली की हॅण्डओव्हर देऊन, म्हणजे पुढच्या डॉक्टरला रुग्ण समजावून सोपवून, बाहेर पडायचे. एका डॉक्टरची जागा दुसऱ्याने घेतली तर रुग्णाला तो बदल जाणवूही नये, अशीच या कामाची मांडणी आहे. म्हणून ठरावीक मुदतीचे कंत्राटी काम आमच्या शाखेला जितके मानवते तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या शाखेला मानवत असेल.

त्याचे लाभ मी स्वतः घेतले आहेत. सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात मी सलग अडीच महिने एकही ड्युटी घेतली नाही आणि त्यासाठी कुणापुढे रजेचा अर्ज घेऊन उभे राहावे लागले नाही. मुलीच्या दहावीच्या वर्षी मी केवळ शनिवार-रविवारच्या रात्री केल्या. पण मला याहून मोठा वाटणारा लाभ शिक्षणाचा आहे. पुण्यात आठ वर्षांत हृदयविकार, पक्षाघात, दुचाकींचे अपघात मी शेकड्यांनी पाहिले असतील. पण फवारणीच्या औषधाची विषबाधा, घोणस चावून सुजलेला पाय, ऊस भरलेली ट्रॉली उलटून खाली सापडलेला माणूस, हे सारे मला गावाकडच्या रुग्णालयांनी शिकवले. पुण्यात फवारणीच्या विषावर उतारा म्हणून देतात त्या ॲट्रोपिनच्या चार-सहा कुप्या वापरल्या तरी पुष्कळ झाल्या असे वाटे. तालुक्याच्या रुग्णालयात एका रात्रीत एकाच रुग्णाला ती पेटीच्या पेटी द्यावी लागते, हे मी तिथे पाहिले.

मण्यारीचे उदाहरण सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. करारावर काम सुरू करून मला दुसराच महिना होता. दिवाळीच्या सुमारास, पहाटे साडेचारला ऊसतोड कामगारांच्या कोपीवरून बारा वर्षांच्या एका मुलाला पोट दुखते म्हणून आणले. उलटी झालेली होती, अंगावर कुठेही खूण नव्हती, नाडी आणि रक्तदाब ठीक होते. मी पोट तपासत होते आणि अपेंडिक्सचा विचार करत होते. रात्रपाळीच्या सिस्टर माझ्या शेजारी येऊन हळूच म्हणाल्या, "मॅडम, याच्या पापण्या बघा. आणि तो जमिनीवर झोपला होता का, तेवढं विचारा." पापण्या जडावल्या होत्या आणि मुलगा जमिनीवरच झोपला होता. मण्यार बहुधा रात्री, झोपेत चावते, तिचे दात इतके बारीक असतात की खूण दिसतेच असे नाही, वेदना फारशी नसते, आणि पोटदुखी हे पहिले लक्षण असू शकते. पुस्तकात हे मी वाचले होते, परीक्षेत लिहिलेही होते. पण त्या पहाटे ते आठवले सिस्टरांना, कारण त्या रुग्णालयात त्यांची सतरा वर्षे गेली होती. आम्ही प्रतिविषाच्या दहा कुप्या दिल्या, पण तासाभरात मुलाचा श्वास उथळ झाला. मी नळी घातली आणि ॲम्ब्यू पिशवीने श्वास देत देत त्याला 108 च्या रुग्णवाहिकेतून जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. आठ वाजता माझी ड्युटी संपली. माझे तिथले काम आणखी दोनच दिवस होते. मुलाचे पुढे काय झाले ते मला कळले नाही.

मला जे सांगायचे आहे ते इथून सुरू होते. डॉक्टर आणि रुग्णालय कराराच्या वेळी दराची घासाघीस करतात, जेवणाची आणि राहण्याची सोय ठरवतात. पण करारी डॉक्टरच्या हातून दोन गोष्टी निसटतात आणि त्यांची बोलणी कुणीच करत नाही. एक म्हणजे त्या जागेची ओळख आणि दुसरी म्हणजे रुग्णाच्या पुढच्या प्रवासाची खबर.

जागेची ओळख म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला सहज लक्षात येणार नाही. सक्शन यंत्र कुठल्या खाटेशेजारी चालते आणि कुठले नुसते उभे आहे, श्वासनलिकेत नळी घालताना लागणाऱ्या लॅरिंगोस्कोपचा लहान मुलांचा ब्लेड कुठल्या खणात आहे, रक्तपेढी किती अंतरावर आहे, रात्री सीटी स्कॅनचा तंत्रज्ञ इमारतीत असतो की घरून बोलवावा लागतो, भूलतज्ज्ञ पहिल्या फोनला उठतात की तिसऱ्या, हे सारे ज्ञान कुठल्याही पदवीत मिळत नाही. ते त्या रुग्णालयातच, काही महिन्यांत, चुकतमाकत मिळते. एका नव्या ठिकाणी माझ्या पहिल्याच रात्री हृदयविकाराच्या झटक्याचा रुग्ण आला. ईसीजी झाला, निदान झाले, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन त्या इमारतीत होते. पण ते ज्या कपाटात होते त्याची किल्ली औषधालयाच्या कर्मचाऱ्याकडे होती आणि तो घरी गेला होता. किल्ली येईपर्यंत चाळीस मिनिटे गेली. तिथले कायमचे डॉक्टर असते तर त्यांनी ईसीजीची पट्टी बाहेर येताच त्याला फोन केला असता, कारण त्यांना ते ठाऊक होते. मला कुणी सांगितले नव्हते, आणि मीही विचारले नव्हते. आता कुठल्याही नव्या जागी मी ड्युटीच्या तासभर आधी पोहोचते आणि सिस्टरांबरोबर क्रॅश कार्टचा, म्हणजे तातडीची औषधे-साधने ठेवलेल्या गाड्याचा, प्रत्येक खण उघडून पाहते. या तासाचे पैसे मला आजवर कुणी दिलेले नाहीत. ते द्यायला हवेत असे माझे म्हणणे आहे, म्हणजे रुग्णालयालाही तो तास आपला वाटेल.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. नोकरीत असताना मी रोज सकाळी घरी जाण्याआधी वर अतिदक्षता विभागात एक फेरी मारत असे. रात्री मी ज्याला न्यूमोनिया म्हटले त्याच्या फुप्फुसात गुठळी निघाली, ज्याला मी घाबरलेला समजले त्याच्या रक्तातील साखर पुन्हा घसरली, हे मला दुसऱ्या दिवशी कळत असे. महिन्यातून एकदा मृत्यूंचा आढावा होई आणि तिथे चार ज्येष्ठांसमोर आपली चूक मांडावी लागे. ते जड जाई, पण माझे निदान सुधारले ते तिथेच. करारी ड्युटीत हे सगळे थांबते. सकाळी आठला हॅण्डओव्हर देऊन मी एसटीत बसते आणि पुढची पाळी कदाचित दुसऱ्याच तालुक्यात असते.

एका रुग्णालयात साठीच्या पुढच्या एका बाईंना चक्कर येते म्हणून आणले होते. कानाच्या दोषाने येणारी चक्कर समजून मी गोळ्या देऊन त्यांना घरी पाठवले. आठ महिन्यांनी त्याच रुग्णालयात पुन्हा गेले तेव्हा तिथल्या तंत्रज्ञाने बोलता बोलता सांगितले की त्या बाई दुसऱ्या दिवशी परत आल्या होत्या आणि तो लहान मेंदूचा पक्षाघात होता. त्या वाचल्या, पण आजही काठीशिवाय चालू शकत नाहीत. मी त्यांची नजर तपासली होती, हातापायांची ताकद पाहिली होती, पण त्यांना उभे करून चार पावले चालवून पाहिले नव्हते. तेव्हापासून चक्करेच्या प्रत्येक रुग्णाला मी चालवून पाहते. मधल्या आठ महिन्यांत किती जणांना चालवले नाही, हा प्रश्न मात्र माझ्या मनातून जात नाही.

म्हणूनच पदवी हातात पडताच लोकमला निघालेल्या तरुणाला मी "आत्ता नको" म्हणते. एका चांगल्या विभागात पाच वर्षे काढावीत, आपल्या चुका दाखवणारी माणसे आजूबाजूला असावीत, आणि आपले निदान कुठे डगमगते हे स्वतःला नीट कळल्यावर मग पाठीवर पिशवी टाकावी. नवख्या डॉक्टरची पहिली दोन-तीन वर्षे जर कुठलाही पडताळा न होता गेली, तर त्याचा आत्मविश्वास वाढतो आणि जाण मात्र जिथल्या तिथे राहते. आपत्कालीन विभागात हे फार धोक्याचे आहे. काही जणांना हा सल्ला कठोर वाटतो. घरचे कर्ज, लांबलेले शिक्षण, तिशी ओलांडूनही न आलेली स्थिरता मला दिसते. तरीही मी तो बदलत नाही.

इथे एक फरक स्पष्ट केला पाहिजे. आठ वर्षांच्या नोकरीनंतर मी जे निवडले त्याला आणि नाइलाजाने कंत्राटावर राहिलेल्या हजारो जणांच्या कामाला मराठीत एकच शब्द आहे, कंत्राटी. पण ही दोन वेगळी आयुष्ये आहेत. राष्ट्रीय आरोग्य अभियान 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान या नावाने सुरू झाले तेव्हापासून अनेक डॉक्टर आणि परिचारिका अकरा-अकरा महिन्यांच्या करारांवर दहा-पंधरा वर्षे तेच काम करत आल्या आहेत. सेवेत सामावून घेण्यासाठी त्यांना पुन्हा पुन्हा संप करावा लागला. 14 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने दहा वर्षे सेवा झालेल्यांच्या समावेशनाचा मार्ग मान्य केला, तरी त्याच मागणीसाठी ऑगस्ट 2025 मध्ये ते पुन्हा संपावर होते. 2020 मध्ये पुण्यामुंबईत जंबो कोविड केंद्रे उभी राहिली तेव्हा तात्पुरत्या नेमणुकांवर धावून आलेले तरुण डॉक्टर साथ ओसरताच घरी गेले. आमच्या शाखेत आणखी एक गट आहे. खासगी रुग्णालयांत परदेशी विद्यापीठांच्या सहकार्याने चालणारे आपत्कालीन वैद्यकाचे तीन वर्षांचे अभ्यासक्रम ज्यांनी पूर्ण केले, त्यांच्या पात्रतेला येथील नियामकाची मान्यता नाही. हे डॉक्टर कॅज्युअल्टीत उत्तम काम करतात, पण वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापक होऊ शकत नाहीत, आणि मग ड्युटीगणिक मोबदल्याचे काम हाच त्यांच्यापुढचा मुख्य रस्ता उरतो. अशा डॉक्टरला "तू हा मार्ग निवडलास" असे म्हणणे अन्यायाचे आहे.

आता कागदांकडे वळते, कारण तरुणांचे सर्वाधिक नुकसान तिथे होते. बारा तासांच्या ड्युटीचा दर नोकरीतल्या तेवढ्याच तासांच्या पगारापेक्षा जास्त असतो आणि सणासुदीला तो आणखी वाढतो, हे खरे. पण रुग्णालय ही रक्कम व्यावसायिक शुल्क म्हणून दहा टक्के टीडीएस कापून देते, आणि त्या एका शब्दाने डॉक्टर कर्मचारी राहत नाही. भविष्यनिर्वाह निधी, पगारी रजा, आजारपण, ग्रॅच्युइटी हे सारे त्याच दरातून त्याने स्वतः उभे करायचे असते. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने मुदतीच्या करारावरील कर्मचाऱ्याला एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क दिला, पण शुल्कावर येणारा डॉक्टर त्या व्याख्येबाहेरच उभा असतो. दिल्लीतील एका कंत्राटी महिला डॉक्टरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2023 मध्ये स्पष्ट केले की कराराची मुदत मध्येच संपली तरी मातृत्व रजेचे पूर्ण लाभ द्यावेच लागतील. आमच्या शाखेतील मुलींनी हा निकाल जरूर वाचावा. मात्र आपल्या करारावर 'नियुक्ती' लिहिले आहे की 'व्यावसायिक सेवा', हे सही करण्याआधी पाहावे, कारण पुढचे सारे त्यावर ठरते.

व्यावसायिक दायित्वाच्या विम्याबाबत मला फोन करणाऱ्यांत कमालीचे अज्ञान आढळते. रुग्णालयाचा विमा आहे म्हणजे आपण सुरक्षित, असे ते समजतात. रुग्णालयाची पॉलिसी संस्थेसाठी असते. त्यात पाहुण्या डॉक्टरचे नाव असतेच असे नाही. स्वतःची पॉलिसी असली तरी ती बहुधा अशा स्वरूपाची असते की घटना केव्हाही घडलेली असो, दावा दाखल होतो त्या दिवशी ती चालू असावी लागते. ग्राहक आयोगाकडे तक्रार करायला दोन वर्षांची मुदत आहे. म्हणजे एका गावी पंधरा दिवस काम करून आलेल्या डॉक्टरला पुढल्या वर्षी नोटीस येऊ शकते, आणि मधल्या काळात हप्ता चुकवून त्याने पॉलिसी खंडित केली असेल तर मागच्या सर्व ड्युट्यांचे संरक्षण जाते. उत्तर देण्यासाठी लागणारे केसपेपर त्या रुग्णालयात असतात आणि तिथल्या अभिलेख कक्षात आपल्याला ओळखणारे कुणी नसते. कागद मागताच मिळतील, असे कलम करारात लिहून घ्यावे. मी ते पाच वर्षांपूर्वी लिहून घ्यायला सुरुवात केली आणि आजवर कुणी नकार दिलेला नाही.

एमएलसीचे, म्हणजे पोलिसांना कळवाव्या लागणाऱ्या प्रकरणांचे, समन्स ही आणखी एक न सांगितली जाणारी बाब आहे. कॅज्युअल्टीत अपघात, मारामारी, विषप्राशन, भाजणे यांच्या नोंदी ड्युटीवरच्या डॉक्टरच्या नावावर होतात आणि साक्षीचा हुकूम तीन-चार वर्षांनी येतो. नोकरीतल्या डॉक्टरचा तो दिवस कर्तव्याचा धरला जातो. करारी डॉक्टर मात्र शेजारच्या जिल्ह्यातल्या न्यायालयात स्वतःच्या खर्चाने जातो, दिवसभर बसतो आणि बऱ्याचदा पुढची तारीख घेऊन परततो. साक्ष देणे हे कर्तव्यच आहे आणि ते टाळावे असे मी मुळीच सुचवत नाही. पण त्या दिवसाचा खर्च संबंधित रुग्णालयाने द्यावा, ही मागणी रास्त आहे.

कामाच्या तासांवर कुणाचेच लक्ष नाही. निवासी डॉक्टरांसाठी केंद्र सरकारने 1992 मध्येच सलग बारा आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा सांगितली. ती कितपत पाळली जाते हा वेगळा विषय, पण निदान कागदावर आकडा आहे. तीन रुग्णालयांत ड्युट्या करणाऱ्या डॉक्टरने आठवड्यात किती तास जागून काढले याची बेरीज मात्र कुणाकडेच नसते, कारण प्रत्येक रुग्णालयाला आपलीच पाळी दिसते. पहिल्या वर्षी मीही एका गावची रात्र संपवून थेट दुसऱ्या गावची दिवसपाळी धरली होती. दुपारी मी एका औषधाची मात्रा दहापट लिहिली. सिस्टरांनी ती देण्याआधी मला विचारले म्हणून अनर्थ टळला. आता दोन ड्युट्यांमध्ये बारा तासांचे अंतर नसेल तर दर कितीही असो, मी नाही म्हणते.

ब्रिटनमध्ये आपल्याकडचे अनेक डॉक्टर काम करतात. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेची रुग्णालये आपली स्वतःची तात्पुरत्या डॉक्टरांची यादी ठेवतात. तिला तिकडे बँक म्हणतात. यादीतला डॉक्टर हवा तेव्हा पाळी घेतो, पण तो त्याच रुग्णालयाचा ओळखीचा माणूस असतो. बाहेरच्या एजन्सीमार्फत येणाऱ्यांवरचा खर्च हाताबाहेर जाऊ लागला तेव्हा 2015 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांच्या दरांवर कमाल मर्यादा घातली गेली. हे तसेच्या तसे इथे आणावे असे मी म्हणत नाही. पण प्रत्येक जिल्हा शल्यचिकित्सकाने आपल्या जिल्ह्यात ड्युटी करू इच्छिणाऱ्या आपत्कालीन तज्ज्ञांची एक यादी ठेवावी, त्यांना वर्षातून दोनदा जिल्ह्यातील रुग्णालये दाखवावीत आणि रजेची पोकळी त्या यादीतून भरावी. याला नवा कायदा लागत नाही. 701 किलोमीटरच्या समृद्धी महामार्गालगतच्या तालुक्यांत मध्यरात्री अपघाताचे रुग्ण येतात तेव्हा त्या तालुक्याची वाट माहीत असलेला डॉक्टर तिथे असणे फार मोलाचे आहे.

मात्र अशी यादी हा रिकाम्या पदांवरचा इलाज समजला जाऊ नये. ऑक्टोबर 2023 मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 रुग्ण दगावल्याच्या बातमीने महाराष्ट्र हादरला आणि उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन रिक्त जागांविषयी शासनाला विचारणा केली. कुठल्याही आपत्कालीन विभागाचा कणा कायमच्या डॉक्टरांचा आणि कायमच्या परिचारिकांचाच असला पाहिजे. मण्यारीच्या त्या पहाटे माझ्या हातात पदवी होती आणि सिस्टरांकडे सतरा वर्षे होती. दोघींपैकी एकच असती तर मुलाला उशीर झाला असता. मी ज्या विभागांत समाधानाने काम करते तिथे चारांत तीन माणसे तिथलीच असतात आणि चौथी मी असते. चारही जण बाहेरचे असलेल्या एका विभागात मी एकदा महिनाभर काम केले. तिथे हॅण्डओव्हर म्हणजे एक अनोळखी माणूस दुसऱ्या अनोळखी माणसाच्या हातात कागद देत असे. पुन्हा तिथे गेले नाही.

आपल्या वर्तमानपत्राकडे माझी एक विनंती आहे. कंत्राटी वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या जाहिराती देणाऱ्या कार्यालयांना मानधनाबरोबर आणखी तीन ओळी छापायला सुचवावे : विभागात एका पाळीला किती परिचारिका असतात, रात्री कुठले तज्ज्ञ बोलावता येतात, आणि पहिल्या ड्युटीआधी विभागाची ओळख करून देण्यासाठी पगारी वेळ दिला जाईल का. या तीन ओळी वाचून चांगला डॉक्टर ठरवू शकेल की तिथे जावे की नाही.

रुग्णालयांना जी विनंती करायची आहे ती मला त्याच सिस्टरांनी शिकवली. दोन वर्षांपूर्वी त्या तालुक्याच्या रुग्णालयात मी पुन्हा ड्युट्या घेऊ लागले तेव्हा टेबलावर एक शंभर पानी वही होती. मुखपृष्ठावर त्यांच्या अक्षरात लिहिले होते, 'पुढे काय झाले'. इथून पुढे पाठवलेल्या रुग्णांची चौकशी त्या आठवड्यातून एकदा जिल्ह्याच्या रुग्णालयात फोन करून करतात आणि तारखेनिशी नोंदवतात, म्हणजे नंतर येणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला आपल्या रुग्णाची खबर मिळावी. वहीतली सर्वांत जुनी नोंद त्या मुलाची होती. पाचव्या दिवशी व्हेंटिलेटर काढला, अकराव्या दिवशी घरी सोडले, आईवडिलांबरोबर बीडला परत गेला. मी ती नोंद वाचली तेव्हा त्या पहाटेला चार वर्षे झाली होती.

आपली विश्वासू,
एक आपत्कालीन वैद्यक तज्ज्ञ,
सातारा